शब्दाखालची रेघ

आषाढ लागला की दिवाळी अंकांच्या संपादकांची निवेदने लेखकांकडे रवाना होऊ लागतात, आणि मजकूर कागदाच्या एकाच बाजूस असावा, समास पुरेसा सोडलेला असावा, अक्षर सुवाच्य असावे, ही त्यांतील वाक्ये इतक्या वर्षांच्या वहिवाटीने अशी कायम होऊन बसली आहेत की लेखनाचा ज्याला थोडासुद्धा नाद आहे अशा मराठी माणसास ती मुखोद्गत असावीत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजना’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा घातली, तेव्हापासून शाईची दौत गेली, टंकलेखनयंत्र आले आणि तेही गेले, टपालाच्या लखोट्याची जागा ईमेलने घेतली आणि निवेदनात युनिकोडचे एक कलम वाढले, परंतु कथेतील एखाद्या शब्दावर लेखकास जोर द्यावयाचा असेल, पात्राच्या मनातले वाक्य त्याच्या तोंडच्या वाक्याहून वेगळे दाखवावयाचे असेल, तर ते त्याने मुद्रणप्रतीत कोणत्या खुणेने दाखवावे याविषयी त्या निवेदनांत मला आजवर एक अक्षरही आढळलेले नाही. हे मौन किती महागात पडते याचा अनुभव मी घेतला आहे, आणि त्यातील दोषाचा वाटा माझ्याकडेही येत असल्यामुळे तो येथे नमूद करणे मी माझे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या मुद्रितशोधनाचा जिम्मा माझ्याकडे होता. त्या अंकात एका नवोदित लेखिकेची कथा होती. नोकरीसाठी परगावी निघालेली सून आणि तिला डबा भरून देणारी सासू यांचे ओट्याशी चाललेले बोलणे, गाडीची वेळ, लोणच्याची बरणी, अंगणातला नळ अशा किरकोळ गोष्टींवरचे. आणि त्या बोलण्याच्या ओळींमधून अधूनमधून येणारी, सासूच्या मनात उमटणारी पण ओठांवर न येणारी सहा-सात वाक्ये, असे त्या कथेचे सारे विणकाम होते. लेखिकेने ती मनातली वाक्ये तिरप्या अक्षरांत टंकित केली होती, अवतरणचिन्हे दिली नव्हती. तिची फाइल युनिकोडमधली, आणि अक्षरजुळणी करणाऱ्याकडे जुन्या पद्धतीचा फाँट. मजकूर एकातून दुसऱ्यात रूपांतरित करताना अक्षरे तेवढी पलीकडे गेली आणि तिरपेपणा अलीकडेच राहिला. ‘आता जाऊ नकोस’ हे जे वाक्य सासू शेवटपर्यंत उच्चारत नाही आणि उच्चारत नाही म्हणूनच ती कथा कथा होते, ते छापील पानावर सुनेला उद्देशून सरळ बोललेले वाक्य होऊन बसले. माझ्यापुढे आलेली प्रुफे रूपांतरित मजकुराची होती. मी ऱ्हस्वदीर्घ तपासले, अनुस्वार तपासले, आणि मूळ प्रतीशी रुजुवात न घेता सही केली. अंक हाती पडल्यावर लेखिकेने मला पत्र लिहिले. त्यात तक्रार अशी नव्हती. कोणत्या खुणेने लिहिली असती तर ती वाक्ये वाचली असती, एवढेच तिने विचारले होते. त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते.

या प्रश्नाच्या मुळाशी एक समजुतीची चूक आहे, ती अशी की मुद्रणप्रत ही छापील पानाची प्रतिकृती असावी असे संगणक हाती आल्यापासून आपण मानू लागलो आहो. वस्तुतः मुद्रणप्रत हे लेखकाने छापखान्यास धाडलेले आज्ञापत्र आहे. ते सुंदर दिसावे ही त्याच्याकडून अपेक्षा नाही, त्यातील हुकूम निःसंदिग्ध असावा एवढीच आहे. जुन्या दफ्तरातील कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा भेद सांगावा लागत नाही. मोडीतल्या सलग ओळींत शब्द कोठे तुटतो हेही जेथे वाचणाऱ्याच्या सरावावर सोडलेले, तेथे पत्राच्या अखेरीस मर्यादेची मोर्तब मात्र चुकत नसे, कारण मजकूर येथे संपला, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, एवढा एकच अर्थ तिला नेमून दिलेला होता आणि तो लिहिणारा, नेणारा व वाचणारा तिघांनाही ठाऊक होता.

इंग्रजी मुद्रणव्यवहारात असाच एक करार दीर्घकाळ चालत आला. ज्याला आपण इटॅलिक म्हणतो तो तिरपा टाइप जोर देण्यासाठी जन्मलाच नव्हता. व्हेनिसच्या आल्डस मान्युटियसने फ्रान्चेस्को ग्रिफोकडून तो कोरवून घेतला आणि १५०१ साली व्हर्जिलचे आटोपशीर आकाराचे पुस्तक अथपासून इतिपर्यंत त्याच टायपात छापले. इटलीतील दफ्तरी व्यवहाराचे जलद, कलते हस्ताक्षर हा त्याचा नमुना होता. पुढे सरळ टायपाच्या शेजारी त्यास दुय्यम स्थान मिळाले, आणि पानावरचा एखादा शब्द वेगळा काढून दाखविण्याचे काम त्याच्याकडे आले. लेखकाच्या हाती लेखणी असो की एकच वळण देणारे टंकलेखनयंत्र असो, त्याला तिरपे अक्षर काढता येत नसे. म्हणून त्याने शब्दाखाली एक रेघ ओढावी आणि जुळाऱ्याने तो शब्द तिरप्या खिळ्यांत जुळवावा असा संकेत ठरला. दोन रेघा म्हणजे लहान कॅपिटल, तीन म्हणजे मोठे कॅपिटल, नागमोडी रेघ म्हणजे ठळक. आज इंग्रजीतील पुष्कळ संपादक प्रतीत थेट तिरपी अक्षरेच मागतात, आणि त्यांच्या लिपीपुरते ते योग्यही आहे, कारण त्यांच्या बहुतेक फाँटांना खरीखुरी तिरपी जोड असते, आणि ती नुसती कललेली नसून तिच्यातील कित्येक अक्षरांचे वळणच निराळे असते.

देवनागरीची गोष्ट वेगळी आहे. आपल्या पोथ्यांत जोर दाखविण्याची तजवीज होती, पण ती रंगाने होती: ‘उवाच’ किंवा अध्यायसमाप्तीचे शब्द हिंगुळाच्या तांबड्या शाईने लिहावेत, लक्ष वेधावयाच्या जागेवर गेरूचा हलका हात फिरवावा, चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावावा. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, तो पोथी लिहिणाऱ्याच्या चौरंगावरून आलेला आहे. मुद्रणकला आली तेव्हा हा रंग महाग पडला आणि गळाला. त्याच्या जागी दुसरा टाइप आणावा तर इंग्रजीस जेथे वर्णमाला, अंक व विरामचिन्हे धरून खिळ्यांचे थोडे प्रकार पुरतात, तेथे काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे धरून देवनागरीस शेकडो प्रकारांच्या खिळ्यांच्या केसी मांडाव्या लागत. जावजी दादाजींच्या निर्णयसागरने सुबक देवनागरी टाइप घडविण्याचा जो आदर्श घालून दिला, आणि खिळ्यांची संख्या आवाक्यात आणण्यासाठी खुद्द लोकमान्य टिळकांनी जो खटाटोप केला, तो आठवला म्हणजे त्या सगळ्या पसाऱ्यास शोभेल अशी आणखी एक तिरपी मालिका ओतवून घेणे सामान्य छापखानदारास का परवडत नसावे हे लक्षात येते. परिणामी मराठी छपाईत जोर म्हणजे जाड टाइप, हे समीकरण रूढ झाले, आणि जाड टाइप हा मूळचा मथळ्यांचा, जाहीर नोटिसांचा आणि क्रमिक पुस्तकातील व्याख्यांचा. कथेच्या पानावर तो डोळ्यास दुरूनच दिसतो आणि वाक्यापर्यंत पोचण्यापूर्वीच वाचकास त्यातील गुपित कळते.

येथे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. इटॅलिक हे जसे दफ्तरातल्या धावत्या हाताचे अपत्य, तसे आपल्याकडचे धावते दफ्तरी अक्षर म्हणजे मोडी होय. बाळबोधीचे तिच्याशी नाते जवळजवळ तेच आहे. विल्यम केरीने श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८१० साली काढलेला मराठी कोश मोडी टायपात छापला होता. ती परंपरा चालू राहिली असती आणि बाळबोध पानावर मनातला शब्द मोडीत उमटला असता, तर तिरपेपणाची उसनवारी आपणास करावी लागली नसती. ते घडले नाही याची मला मनापासून खंत वाटते.

आज संगणकावर तिरप्या अक्षराची कळ दाबली असता काय घडते ते जवळून पाहावे. ‘कुंकू’ हा शब्द घ्यावा. बहुतेक मराठी फाँटांना स्वतःची तिरपी जोड नसल्यामुळे यंत्र सरळ अक्षरेच ओढून कलती करते: शिरोरेषा आडवी असल्याने कलत नाही, तिच्याखालचे दंड मात्र उजवीकडे झुकतात, अनुस्वार आणखी उजवीकडे सरकतो, आणि खालचे उकार उलट डावीकडे जातात, त्यामुळे शब्द कलल्यासारखा न दिसता एखाद्या बाजूने धक्का लागल्यासारखा दिसतो. लहान आकारात तर हा फरक इतका अंधुक असतो की दिवसाकाठी शंभर पाने वाचणाऱ्या मुद्रितशोधकाच्या नजरेतून तो सहज निसटावा. टिरो देवनागरी मराठीसारख्या फाँटात खऱ्या तिरप्या वळणाची जोड आता घडविली गेली आहे, आणि अक्षरकारांच्या त्या परिश्रमाचे मोल मी जाणतो. पण लेखकाच्या घरी एक फाँट, संपादकाकडे दुसरा आणि छापखान्यात तिसरा अशी स्थिती असता प्रतीतील खूण फाँटाच्या भरवशावर टाकणे शहाणपणाचे नाही.

म्हणून माझे मत असे आहे की मराठी कथेच्या मुद्रणप्रतीत जोराची खूण एकच असावी आणि ती अधोरेखा असावी. यावर असा आक्षेप घेतला जाईल की देवनागरीत अधोरेखा कुरूप दिसते, उकार व ऋकार तिच्यात अडकतात, आणि डोक्यावर शिरोरेषा व पायाखाली रेघ अशा दोन रेघांत शब्द कोंडल्यासारखा होतो. आक्षेप अक्षरशः खरा आहे, आणि माझ्या दृष्टीने तोच अधोरेखेचा मोठा गुण आहे. ती इतकी परकी दिसते की छापील पानावर ती तशीच ठेवावी असे कोणासही वाटणार नाही. ती आज्ञा आहे, सजावट नाही, हे तिच्याकडे पाहताच कळते. छापताना त्या जागी तिरपे अक्षर घालावे, वेगळा परिच्छेद करावा, की पत्राचा मजकूर असल्यास दोन्ही बाजूंनी समास वाढवून तो आत घ्यावा, हे संपादकाने आणि अक्षरजुळणी करणाऱ्याने आपल्या फाँटाचे बळ पाहून ठरवावे. भ्रमणध्वनीवर लिहिणारे आता शब्दाच्या दोन्ही अंगांस तारे घालतात. त्या पडद्यावर शब्द ठळक होतो हे खरे, पण मजकूर उचलून पानात ओतला की तारे ताऱ्यांसारखेच छापले जातात.

परंतु रेघ ओढण्यापूर्वी लेखकाने एक काम करावे, आणि ते मला रेघेहूनही महत्त्वाचे वाटते. आपल्या भाषेत जोर देण्याची जी अंगभूत सामग्री आहे ती त्याने प्रथम वापरून पाहावी. ‘मी त्याला काल स्टेशनवर पाहिले’ हे साधे वाक्य आहे. ‘मीच त्याला काल स्टेशनवर पाहिले’ म्हटले की साक्षीदार पक्का होतो. ‘त्यालाच’ म्हटले की ओळख पक्की होते. ‘कालच’ म्हणता वेळेचा वाद मिटतो, ‘स्टेशनवरच’ म्हणता स्थळाचा, आणि ‘पाहिलेच’ म्हणता पाहणे टळले नाही ही हळहळ किंवा जिद्द उमटते. एका ‘च’ने पाच जागी पाच अर्थ दिले आणि टाइप कोठेही बदलावा लागला नाही. ‘ही’ आहे, ‘तर’ आहे, ‘ना’ आणि ‘की’ आहेत. शब्दांचा क्रम हलविण्याची जी मोकळीक मराठीस आहे ती इंग्रजीस नाही, आणि म्हणूनच इंग्रजी लेखक जेथे शब्द तिरपा करतो तेथे मराठी लेखकास ‘गेला एकदाचा तो’ असे म्हणून कार्य साधता येते. स्वर लांबविण्यासाठी आपल्यापाशी अवग्रह आहे. इंग्रजी कथा वाचून लिहू लागलेल्या आमच्या पुष्कळ तरुण लेखकांच्या प्रती मी पाहतो, त्यांत दर पानास चार-पाच शब्द तिरपे किंवा ठळक असतात, आणि त्यांतील तीन-चारांच्या जागी एक ‘च’ किंवा ‘तर’ घातला असता वाक्य सरळ उभे राहिले असते.

तथापि भाषेचे हे बळ सर्वत्र पुरे पडते असा माझा दावा नाही. ‘तू येणार?’ या दोन शब्दांच्या प्रश्नात जोर ‘येणार’वर असेल तर ती नुसती विचारपूस आहे, तोच ‘तू’वर असेल तर त्यात आश्चर्य आहे, क्वचित अपमानही आहे. तेथे ‘तूच येणार?’ लिहिले तर अर्थ भलतीकडे जातो, आणि ‘तू आणि येणार?’ लिहिले तर जे आवाजात लपले होते ते उघडे पडते. अशा जागी ‘तू’खाली रेघ हवीच. मनातले वाक्य आणि बोललेले वाक्य एकाच ओळीत येत असतील तेथेही ती हवी. मेजर कँडी यांनी गेल्या शतकापूर्वीच्या शतकात मराठीत विरामचिन्हांची घडी बसविली, तीत बोललेल्या शब्दास अवतरणचिन्ह मिळाले, न बोललेल्या शब्दास स्वतःचे असे चिन्ह मिळाले नाही; कादंबरी अंतर्मुख होत गेली तशी ही उणीव जाणवू लागली.

एका जागी मात्र रेघ ओढू नये असा माझा आग्रह आहे, आणि तो मी सौम्य शब्दांत मांडू शकत नाही. कथेत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा माणदेशी शब्द आला की तो ठळक करण्याची अथवा अवतरणचिन्हांत घालण्याची खोड काही लेखकांस आणि त्यांहून अधिक संपादकांस लागली आहे. उद्धव शेळके यांनी ‘धग’मध्ये, १९६० साली, सबंध कुटुंबाची होरपळ वऱ्हाडी संवादांतून उभी केली, आणि ती पुण्यामुंबईच्या वाचकांस पोचली. त्या कादंबरीतील प्रत्येक वऱ्हाडी शब्द जाड टायपात छापला असता तर काय झाले असते याची नुसती कल्पना करावी: नायिका कौतिकच्या तोंडचे बोल तिचे स्वतःचे न राहता कोणीतरी काचेच्या कपाटात चिठ्ठी लावून मांडलेल्या वस्तूंसारखे दिसले असते. बोली बोलणाऱ्यास आपली बोली वेगळी वाटत नाही. ज्याच्या कानाने कथा सांगितली जात आहे त्याच्या कानाला जो शब्द परका नाही, तो पानावरही परका दिसता कामा नये. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांसही हाच न्याय लागू आहे. स्टेशनाखाली रेघ कशाला?

आता रूपांतराचा प्रश्न उरतो. तिरपेपणा जसा एका फाँटातून दुसऱ्यात जाताना नाहीसा होतो तशी अधोरेखाही होते, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय जुन्या कारकुनी शिस्तीचा आहे. हिशेबाच्या कागदाखाली बेरीज लिहितात ती अशासाठी की मध्ये एखादी रक्कम गळाली तर ताळा पडताना कळावे. तसेच लेखकाने प्रतीच्या पहिल्या पानावर, कथेचे नाव आणि अंदाजे शब्दसंख्या यांच्याखाली, ‘अधोरेखित स्थळे’ म्हणून त्यांची संख्या आकड्यात घालावी, आणि फाइलीबरोबर पीडीएफ प्रत किंवा छापून काढलेली कागदी प्रत धाडावी, म्हणजे रुजुवात घेणाऱ्यास आधार राहील. संपादकांनी आपल्या निवेदनात समास आणि सुवाच्य अक्षर यांच्या शेजारी एवढे एक वाक्य वाढवावे: जोर द्यावयाचा शब्द अथवा मनोगत अधोरेखित करावे, अन्य कोणतीही खूण वापरू नये, आणि अशा स्थळांची संख्या पहिल्या पानावर द्यावी. यास खर्च नाही, यंत्र नको, अनुदान नको.

त्या लेखिकेचा कथासंग्रह पुढे निघाला तेव्हा ती कथा तिने माझ्याकडे पुन्हा पाठविली, आणि मी तिला हेच उत्तर कळविले. पहिल्या खर्ड्यात तिने अकरा जागी रेघा ओढल्या होत्या. त्यांतील चार, वाक्याची फेरमांडणी करता, तिच्या तिनेच काढून टाकल्या. एका जागी तर नुसता ‘तर’ पुरला. उरलेल्या सातांचा आकडा पहिल्या पानावर घालून प्रत छापखान्यात गेली. प्रुफे आली तेव्हा रात्री दिव्याखाली बसून मी तिरपी वाक्ये मोजली, ती सहाच भरली. पुन्हा मोजली, तरी सहाच. सातवे शेवटून दुसऱ्या पानाच्या तळाशी होते, ओळ पान ओलांडून जात होती तेथे, सरळ अक्षरांत, अगदी निरुपद्रवी दिसत: ‘आता जाऊ नकोस.’ मी त्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली, समासात शेरा लिहिला आणि सकाळच्या टपालाने प्रूफ परत धाडले.